उभी ट्रॉली ‘भरधाव’ कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून तरुण गंभीर जखमी. तो तरुण माझा भाचा. चार ओळींत मावेल तेवढे त्या बातमीत खरेच होते. माझे भांडण आहे ते ‘आदळून’ या एका शब्दाशी. तो शब्द आपल्या वार्ताहराने पोलीस ठाण्याच्या डायरीतून घेतला असणार. ही डायरी कशी लिहितात हे मला ठाऊक आहे, कारण १९८६ ते २०२१ अशी पस्तीस वर्षे मी पोलीस खात्यात काढली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि त्यातली बरीच वर्षे ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसून हेच लिहीत होतो.

आधी काय घडले ते सांगतो. भाचा सव्वीस वर्षांचा. पहाटे वाडीवस्तीवरचे दूध गोळा करून डेअरीला घालतो. त्या दिवशी पावणेपाचला दोन कॅन अडकवून निघाला. ओढ्याच्या अलीकडे रस्ता वळतो, तिथे दोन ट्रॉल्यांची जोड रात्री साडेबारापासून उभी होती. मागच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला. ड्रायव्हरने जॅक लावला, चाक काढले आणि ट्रॅक्टर सोडवून चाकासकट पंक्चरवाल्याकडे गेला. म्हणजे मागे उरल्या त्या बिनमुंडक्याच्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरच गेल्यावर दिवा कुठला? मागच्या फळीवर रिफ्लेक्टर नाही, असला तरी दिसला नसता, कारण वाढे, म्हणजे उसाचे पालेदार शेंडे, हात-दीड हात बाहेर लोंबत होते. निम्मा रस्ता उसाने अडवलेला, वर ओढ्याचे धुके. वाळके वाढे मोटारसायकलच्या उजेडात मातीसारखेच दिसतात, हे आमच्या भागातल्या कोणालाही विचारा. उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले, जबडा गेला. मिरजेला नेऊन रॉड घातला. अजून अंथरुणावर आहे.

पाचव्या दिवशी फिर्यादीची नक्कल मिळाली. फिर्यादी कोण, तर ट्रॅक्टरचा मालक. आरोपी कोण, तर माझा भाचा. त्याने म्हणे ‘आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली व स्वतःच्या गंभीर दुखापतीस आणि ट्रॉलीच्या नुकसानीस कारणीभूत झाला’. नुकसानीचा तपशीलही आहे. मागची फळी, अंदाजे पाचशे रुपये.

हे वाक्य मला पाठ आहे. मीच ते शेकड्यांनी लिहिले आहे. भरधाव, हयगय, अविचार, दुर्लक्ष, ही चार पदे ठाण्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोण कोणाला धडकले याने त्यात फरक पडत नाही, फक्त वाहनाचे नाव बदलायचे. एकदा तर माझ्याच हाताखालच्या हवालदाराने उभ्या ट्रकच्या चालकावर गुन्हा दाखल केला, आणि सवयीने लिहून गेला की त्याने ट्रक भरधाव वेगात चालवला. घटनास्थळाच्या पंचनाम्यात मात्र ट्रक उभा. न्यायालयात बचावाच्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि विचारले, उभा ट्रक भरधाव कसा? अख्खे कोर्ट हसले. चालक निर्दोष सुटला. त्या ट्रकखाली गेलेल्या माणसाचा बाप मागच्या बाकावर बसला होता, त्याला लोक का हसतात तेच कळेना. फिर्यादीखाली सही माझी होती.

तेव्हापासून ठाण्यात एक सोपा रस्ता रूढ झाला. उभ्या वाहनावर कोणी आदळून मेला, तर आरोपी मेलेलाच करायचा. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण खात्यात सगळ्यांना माहीत आहे. मेलेल्या आरोपीला अटक नाही, जामीन नाही, समन्स-वॉरंट नाही. तो तारखेला गैरहजर राहत नाही. आरोपी मयत म्हणून अबेट समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, न्यायालयाकडे पाठवली, मंजूर झाली, की महिनाअखेरच्या तक्त्यातला एक प्रलंबित गुन्हा कमी. वरिष्ठ खूश, लेखनिक खूश.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. अशाच एका प्रकरणात मयताची बायको कागदाच्या नकला न्यायला आली होती. वकिलाने सांगितले होते, भरपाईच्या दाव्याला लागतील म्हणून. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर लावून लावून वाचत होती. आरोपीच्या रकान्यावर बोट ठेवून ती थांबली. मला म्हणाली, “साहेब, हे तर आमच्या मालकांचं नाव हाय. ते तर गेलं की. मग आरोपी कोण?” मी सांगितले, बाई, ती फक्त पद्धत आहे. तिने नकला घडी करून पिशवीत घातल्या, बाहेर बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी चहा पाठवला. त्या बाईच्या नवऱ्याला गुन्हेगार मी ठरवले होते, आणि वर चहा पाठवला होता. विमा कंपनीचा वकील अशा दाव्यात सगळ्यात आधी फिर्यादच दाखवतो हे मला तेव्हा माहीत नव्हते असे नाही.

आता माझ्या घरात ते घडले म्हणून हा म्हातारा जागा झाला, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. खरे आहे.

यात कायदा कमी पडतो का? माझ्या मते नाही. जुन्या भारतीय दंड विधानात, म्हणजे १८६० पासून, कलम ३३६ होते. मानवी जीवित किंवा इतरांची सुरक्षितता धोक्यात येईल असे कृत्य बेदरकारपणे किंवा हयगयीने करणे हाच त्यात गुन्हा. नीट वाचा, त्यात कोणाला खरचटावेही लागत नाही. दुखापत झाली तर पुढचे ३३७, जबर झाली तर ३३८. मृत्यूचे ३०४-अ तर मूळ संहितेत नव्हतेच, ते दहा वर्षांनी, १८७० मध्ये घातले. म्हणजे माणूस मरायच्या आधीचा धोका कायद्याला आधी सुचला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ही तिन्ही एका कलम १२५ मध्ये बसवली. नुसत्या धोक्याला तीन महिने किंवा अडीच हजार दंड, दुखापतीला सहा महिने किंवा पाच हजार, जबर दुखापतीला तीन वर्षे किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. मृत्यूचे आता १०६, त्यात दोनाची पाच वर्षे झाली. जुन्या ३३६ चा दंड अडीचशे रुपये होता आणि तो १६० हून अधिक वर्षे तसाच राहिला. मी निवृत्त झालो तेव्हा ट्रॉलीच्या दोन पंक्चरना तेवढे लागत.

आणि हे कलम दखलपात्र आहे. म्हणजे कोणी फिर्याद घेऊन यायची वाट पोलिसांनी बघायचे कारण नाही. गस्तीच्या गाडीला रात्री एक वाजता बिनदिव्याची ट्रॉली दिसली, की गुन्हा तिथेच पुरा झालेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ आहे, धोका होईल अशा स्थितीत वाहन किंवा ट्रेलर रस्त्यावर सोडू नये म्हणून. आणि रस्त्यात अडथळा केल्याचे जुने २८३, आताचे २८५, ज्यात दंड दोनशेचा पाच हजार झाला. या २८३ ची मात्र आम्हाला चांगली सवय होती. महिनाअखेरीला केसेस कमी पडल्या की एसटी स्टँडसमोरच्या केळीवाल्याच्या हातगाडीवर आम्ही ते लावत असू. वीस टन ऊस रात्रभर वळणावर अडवून उभा, त्याला ते कलम लागू आहे हे कोणाच्या डोक्यात येत नसे. माझ्याही नाही.

भाच्याविरुद्धच्या फिर्यादीत कलम १२५ आहे, पण लावले आहे ते त्याच्यावरच. कलम म्हणते, ‘इतरांची’ सुरक्षितता. धुक्यात चाळीस लिटर दूध घेऊन एकटा चाललेला पोरगा, त्याच्या पुढे-मागे माणूस नाही, त्याने कोणाचा जीव धोक्यात घातला? उसाचा?

न्यायालयांनीही उभ्या वाहनाकडे नव्याने बघायला सुरुवात केली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण होते. हमरस्त्यात कसलीही खूण न ठेवता सोडलेल्या ट्रेलरवर मोटार आदळली होती आणि खालच्या न्यायालयांत मोटारचालकाच्याही माथी दोष मारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला. ते भरपाईचे प्रकरण, फौजदारी नव्हे. तरी ठाण्यात फिर्याद लिहिणाऱ्याने ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आता ड्रायव्हरबद्दल. त्याला मी भेटलो. बीडकडचा, माझ्या भाच्याच्याच वयाचा. बायको टोळीत मोळ्या बांधते, लहान मूल खोपीत. खेपेवर पैसे मिळतात, रात्री कारखान्यावरच्या रांगेतला नंबर चुकला तर दिवस बुडतो. त्याने चाकाला दगड लावले होते, मागे चार-पाच दगडांची ओळही केली होती. धुक्यात दगड दिसत नाहीत, पण त्याच्याकडे दुसरे काही नव्हतेच. मी विचारले, मालकाने रिफ्लेक्टर दिला नाही का? म्हणाला, हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर कापडी पट्ट्या वाटल्या, फोटो काढला, पट्टी पहिल्याच पंधरवड्यात उसाला घासून फाटली. टेपचे दोन मोठे कर्णे मात्र ट्रॅक्टरवर शाबूत आहेत, ते मी मोजून आलो.

या पोराला एकट्याला आत टाकून माझे समाधान होणार नाही. आणि इथेच मृत्यूच्या कलमाची अडचण आहे. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ओंकार रामप्रतापच्या खटल्यात सांगून ठेवले की मृत्यू आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असावा लागतो, तेच निकटचे कारण असावे लागते. पुढे मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात १९६२ मध्ये आग लागून सात कामगार गेले. मालकाला परवाना कोरड्या रंगांचा, आणि तो ओले रंग करायचा. त्याच जागेत पेटते बर्नर, त्याच जागेत टर्पेंटाइन. सर्वोच्च न्यायालयाने १९०२ चीच कसोटी लावली. आग लागली ती एका कामगाराने तापलेल्या मालात घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे, म्हणून निकटचे कारण तो. मालक ३०४-अ मधून सुटला, आगीबाबत हयगयीचे छोटे कलम तेवढे त्याच्यावर राहिले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. पण आमच्या ओढ्याच्या वळणावर ती कसोटी लावली की काय होते? निकटचे कारण नेहमी सगळ्यात खालचा माणूस. ड्रायव्हर, नाहीतर आदळणारा. ट्रॅक्टरमालक, तोडणी-वाहतूक ठेकेदार आणि ती ट्रॉली रोज वजनकाट्यावर घेणारा कारखाना हे सगळे कारणापासून लांब राहतात.

धोक्याच्या कलमाला ही अडचण नाही. तिथे मृत्यूच नाही, तर मृत्यूचे कारण कोणाचे हा वाद कशाला? बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची दोन ट्रॉल्यांची जोड माहीत असून रस्त्यावर सोडली, एवढे दाखवले की पुरे. ते मालकाविरुद्ध दाखवता येते. ठेकेदाराविरुद्धही येते. वजनकाट्यावरच्या माणसाला प्रत्येक ट्रॉली भरलेली एकदा आणि रिकामी एकदा अशी दोनदा डोळ्यांसमोर दिसते, नंबर त्याच्या संगणकात असतो. मागे दिवा नाही, त्या ट्रॉलीचे वजन करायचे नाही, असे एक पत्रक काढले तर आठवड्यात सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लागतील. उसाला मुळ्या राहिल्या, माती राहिली तर काट्यावर लगेच वजन कापतात, तिथे कुणाची नजर चुकत नाही.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले. सतरा माणसे गेली. महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची, आणि ते जवळपास एकशेवीस बाय एकशेवीस. ते काही एका रात्रीत उगवले नव्हते, हमरस्त्यावरून रोज हजारोंना दिसत होते. पडल्यावर त्याच दिवशी सदोष मनुष्यवधाचे कलम लागले. पडायच्या आधी ३३६ लावायला कोणाला काय अडचण होती, हे मला खात्यातला माणूस म्हणूनही सांगता येत नाही. किंवा येते. रक्त सांडल्याशिवाय कागद हलवायचा नाही, ही सवय आम्हाला वरपासून खालपर्यंत आहे.

मी भाच्याच्या प्रकरणात वरिष्ठ कार्यालयाकडे अर्ज दिला आहे. पंचनाम्याची नक्कल, ट्रॉलीचे फोटो, पंक्चरवाल्याचा जबाब घ्यावा अशी विनंती, सगळे जोडले आहे. उत्तर आले की चौकशी सुरू आहे. हे उत्तरही मी पूर्वी बऱ्याच जणांना पाठवले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला समजतो.

आता परवाची रात्र सांगतो आणि थांबतो. झोप लागत नाही म्हणून मी हल्ली रात्री बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत जातो. सव्वाबाराला त्याच ओढ्याच्या वळणावर दुसरी जोड उभी होती. ट्रॅक्टर सोडवून नेलेला. मागे दिवा नाही, पट्टी नाही. मी ठाण्याला फोन लावला. नाव, जुना हुद्दा सांगितला. पलीकडचा पोरगा अदबीने बोलला.

“काका, जखमी किती?”

“कोणी नाही अजून.”

“गाडी धडकलीय का कुठली?”

“नाही.”

“मग काका, नेमकी वर्दी काय घेऊ?”

मी म्हटले, कलम १२५ ची घे. तो जरा थांबला, मागे कोणाला तरी विचारले, आणि म्हणाला, गस्तीची गाडी दुसऱ्या बाजूला आहे, आली की पाठवतो. गाडी आली नाही. शेजारच्या वस्तीवरच्या दोन पोरांना उठवले, बाभळीच्या फांद्या तोडून मागे पन्नास पावलांवर आडव्या टाकल्या आणि घरचा चार्जिंगचा दिवा लुकलुकता करून ट्रॉलीच्या फळीला बांधला. साडेतीनपर्यंत तिथे बसलो. या वेळात सतरा दुचाक्या, तीन चारचाकी आणि एक एसटी गेली. सगळ्यांनी वेग कमी केला. ट्रॅक्टर आला, चाक बसवले, जोड निघून गेली. चाकांना लावलेले चार दगड रस्त्यावर तसेच राहिले होते. ते आम्ही उचलून ओढ्यात टाकले. दिवा मात्र ट्रॉलीबरोबर गेला, सोडवायचा राहून गेला.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
तासगाव तालुका, जि. सांगली

(पूर्ण नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे. भाच्याचे प्रकरण चौकशीवर आहे म्हणून नाव-पत्ता कृपया छापू नये.)